स्मिताचं नाणं

जेवायला यायचं ठरलेली श्रुती सकाळच्या दुसऱ्या चहालाच दारात उभी राहिली, तेव्हाच स्मितानं ओळखलं, आजचा रविवार काही सरळ जाणार नाही. ऐरोलीहून एकटीच आली होती. चपला काढता काढता तिनं मान लांब करून बाल्कनीकडं पाहिलं, बाबा पेपरात डोकं घालून बसलेत याची खात्री करून घेतली आणि तडक स्वयंपाकघरात शिरली.

“येतेय ना ती?”

“म्हणून तर बिरडं घातलंय.” स्मिता वाल सोलत होती. मोड आलेले वाल चिमटीत दाबले की सालातून सुळकन निसटून भांड्यात पडत होते. “बस. चहा टाकते.”

“चहा नको. बाबा ट्रे काढणारेत का आज?”

“कालपासून मऊ फडकं शोधतायत. काढणारच.”

श्रुती ओट्याला टेकली. चाळिशी ओलांडलेली ही बाई रागावली की अजून सतरा वर्षांची दिसते, असं स्मिताला नेहमी वाटायचं. ती स्वतः या घरात लग्न करून आली तेव्हा श्रुती तेवढीच होती, आणि अशीच दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभी होती.

“दाखवायची तर दाखवू देत. पण नाणं द्यायचं नाही तिला. मावशी, तू सांग त्यांना.”

“नाण्यांच्या बाबतीत माझं कधी ऐकलंय त्यांनी?”

“मग मी बोलेन. सगळ्यांसमोर बोलेन.”

स्मितानं वालाचं भांडं बाजूला सारलं. श्रुती एकदा बोलेन म्हणाली की बोलतेच, हे गेल्या गणपतीत सगळ्यांनी पाहिलं होतं. श्रुतीच्या धाकट्या भावानं, अभिरामनं, निशिगंधाचं नाव पहिल्यांदा काढलं ते तेव्हाच, आणि आरती अर्धी टाकून श्रुती निघून गेली होती.

या घरात नाणं म्हणजे एकाच राजाचं. रोमचा बादशहा अँटोनायनस पायस. कुरळी दाढी, शांत डोळे, एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला. स्मिताच्या नवऱ्यानं, श्यामसुंदरांनी, दुसऱ्या कुठल्या राजाकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांची पहिली बायको शालन गेली तेव्हा श्रुती आठवीत होती आणि अभिराम पाचवीत. श्यामसुंदर कारखान्यातून यायचे आणि दिवा न लावता बसून राहायचे. शेवटी एका मित्रानं त्यांना घराबाहेर काढायचं म्हणून मुंबईत नाण्यांच्या प्रदर्शनाला ओढून नेलं. तिथल्या एका टेबलावर चांदीचं एक लहानसं नाणं होतं, नखाएवढं. त्यावर एका बाईचा चेहरा, वेण्या गुंडाळून अगदी माथ्यावर बांधलेला अंबाडा. ही राणी फॉस्टिना, टेबलामागचा माणूस सहज बोलून गेला. ही गेल्यावर राजानं आणखी वीस वर्षं राज्य केलं, आणि तेवढी वर्षं तिच्या चेहऱ्याची नाणी पाडत राहिला.

श्यामसुंदर ते नाणं मुठीत धरून घरी आले, आणि मग थांबले नाहीत. राजाची आली, राणीची आली. चांदीची, तांब्याची, पितळेची, झिजून सपाट झालेली, हिरवट पडलेली. त्यांनी सुतार घरी बोलावून सागवानी ट्रे करून घेतले, प्रत्येक नाण्याला मखमल लावलेला गोल खळगा. शालन गेल्यानंतर तीन वर्षांनी स्मिता आली, ती या ट्रेंच्या कपाटाला पाठ टेकवूनच इथं रुळली म्हणायची. श्रुतीच्या लग्नात त्यांनी तिला एक नाणं दिलं. अभिरामची बायको प्रिया या घरात आली तेव्हा तिलाही दिलं. आता लहानग्या जाईला मागं ठेवून प्रिया जाऊनही तीन वर्षं होत आली होती, आणि अभिराम पुन्हा कुणाला तरी घेऊन येत होता.

“तिच्या हातात बाबांनी नाणं ठेवलं ना,” श्रुतीचा आवाज खाली आला, “की प्रियाचं संपलं. मग जाई तिला आई म्हणणार, आणि चार वर्षांनी जाईला काही आठवणारसुद्धा नाही.”

प्रिया ही श्रुतीची कॉलेजातली मैत्रीण. हे स्थळ श्रुतीनंच आणलं होतं. आजारपणात शेवटी शेवटी रात्रीची ड्यूटीही तिनंच वाटून घेतली होती. स्मिताला हे सगळं माहीत होतं, म्हणून तिनं फक्त एवढंच म्हटलं, “जा, बाबांना भेट आधी. सकाळपासून तुझी वाट बघतायत.”

अभिराम करंजाड्याहून जाईला घेऊन आला, आणि त्यांच्या मागोमाग निशिगंधा. ती मात्र चालतच आली. तिचं घर बोनकोड्यात, म्हणजे यांच्या बाल्कनीतून ज्या पिवळ्या तीन मजली घरावरची पाण्याची टाकी दिसते, त्याच्या मागच्या गल्लीत. तीस वर्षं ही दोन घरं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होती आणि कुणी कुणाला ओळखत नव्हतं. अभिरामची तिच्याशी ओळख झाली ती महाप्याच्या ऑफिसात, एकाच मजल्यावर.

तिच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता. “काकू, आईनं दिलंय. चिंबोऱ्या आहेत. तुमच्याकडं चालतात ना? अभिराम म्हणाला चालतात, पण त्याचं काय खरं नसतं.”

“मी चिपळूणची,” स्मिता म्हणाली. “मला विचारतेस?”

निशिगंधा मोकळं हसली, आणि त्याच क्षणी तिचा फोन वाजला. ती दाराकडं वळून हळू आवाजात बोलू लागली, पण घर लहान, सगळ्यांना ऐकू गेलं. “हां आय, पोचले. डबा दिला गं. नाय, कोनी काय बोललं नाय. बरी हायत सगली मानसं. ठेव आता.” वळून पाहते तर सगळे तिच्याकडं बघत होते. ती कानापर्यंत लाल झाली.

“बरी आहेत की नाही ते जेवणानंतर ठरव,” श्यामसुंदर म्हणाले. श्रुती सोडून सगळे हसले.

जेवणं मात्र बरी झाली. त्याचं श्रेय चिंबोऱ्यांना. जाईनं याआधी खेकडा कधी फोडला नव्हता. निशिगंधानं तिला नांगी कुठं दाबायची ते दाखवलं, आणि जाईनं पहिल्याच फटक्यात रस्सा अभिरामच्या शर्टावर उडवला. अभिराम ओरडला, जाई खिदळली. खूप दिवसांनी या टेबलावर कुणी तरी तोंड पुसायचं विसरून जेवत होतं. स्मितानं तिरप्या नजरेनं श्रुतीकडं पाहिलं. श्रुती भात कालवत होती, पण घास काही उचलत नव्हती.

“तुमची ही बिल्डिंग आहे ना काकू,” निशिगंधा सांगत होती, “इथं आमच्या आजोबांचं भात व्हायचं. आई अजून या रस्त्यानं आली की म्हणते, हा आपला बांध.”

“म्हणजे आम्ही तुमच्या शेतात बसून जेवतोय,” श्यामसुंदर म्हणाले.

“आता तुमचंच हो ते. पीक बरं आलंय.” तिनं हसून जाईकडं बघितलं.

हात धुतल्याबरोबर श्यामसुंदरांनी ट्रे काढले. टेबल कोरडं पुसून त्यावर पांढरी चादर अंथरली, भिंगं मांडली. आता बहात्तरीत त्यांच्या बोटांना कंप सुटला होता, पण नाणं उचलताना तो नाहीसा व्हायचा. हे स्मितानं कैक वेळा पाहिलं होतं. त्यांनी पहिला ट्रे निशिगंधापुढं सरकवला.

“घे, उचल. कडेनं धर, मधे बोट लावू नको.”

“मी वाचते, मी वाचते!” जाई खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि एकेक इंग्रजी अक्षर लावू लागली. “डी, आय, व्ही, ए. दिवा! आजोबा, राणीच्या नाण्यावर दिवा लिहिलंय.”

“त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ देवी झालेली,” श्यामसुंदर म्हणाले. “पण तुझा अर्थही वाईट नाही.” मग ते निशिगंधाकडं वळले आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ झाला. “राजा गादीवर आला आणि दोन-तीन वर्षांत ती गेली. त्यानं तिच्यासाठी देऊळ बांधलं, तिच्या नावानं अनाथ मुलींची सोय केली. आणि ही नाणी. ज्या माणसानं तिला कधी पाहिलं नाही, त्याच्याही कनवटीला ती असायची.”

“आणि त्यानं दुसरं लग्न केलं नाही,” श्रुती म्हणाली. “हो ना बाबा?”

अभिरामनं “ताई” एवढंच म्हटलं. बोलून गेल्यावर श्रुतीच्या लक्षात आलं की आपण दगड एकीला मारला आणि लागला दोघींना. तिनं चटकन स्मिताकडं पाहिलं. स्मिता चादरीची सुरकुती सारखी करत होती.

“नाही केलं,” श्यामसुंदर हळू म्हणाले.

निशिगंधानं हातातलं नाणं जपून खळग्यात ठेवलं. “मग काका, वीस वर्षं त्याच्या घरात कुणीच नव्हतं?”

श्यामसुंदर क्षणभर घुटमळले. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. नाण्यांबद्दल तर मुळीच नाही. “होती एक. लिसिस्ट्राटा नावाची. फॉस्टिनाचीच दासी, तिनंच तिला मोकळं केलं होतं. लग्न नाही लावलं त्यानं, पण घरात तीच होती.”

“तिचं दाखवा ना.”

“तिचं नाही.”

“तुमच्याकडं नाही?”

“कुणाकडंच नाही. पाडलंच नाही.”

स्मितानं हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. चोवीस वर्षं ती हे ट्रे उन्हात ठेवत होती, पावसाळ्यात कापराच्या वड्या बदलत होती, आल्यागेल्याला राजाराणीची गोष्ट पाठ म्हणून दाखवत होती. पण या तिसरीबद्दल नवऱ्यानं तिला कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

निशिगंधाला कळलं की आपण चुकीच्या वाटेला लागलो. ती घाईघाईनं दुसरीकडं वळली. “अभिराम म्हणाला, घरातल्या प्रत्येकीला एकेक नाणं आहे. ताईंचं कुठलं?”

“राणीचंच,” श्रुतीनं कोरडं उत्तर दिलं. “मागं मोर आहे.”

“आणि ममाचं भोकाचं!” जाई म्हणाली. “आधीच कुणीतरी भोक पाडून गळ्यात घातलेलं. मग ममानं घातलं. आता माझ्या डब्यात आहे.”

“सुंदर आहे ते,” निशिगंधा तिला म्हणाली. मग मान वर करून, अगदी सहज, “आणि काकूंचं?”

अभिरामनं बाबांकडं पाहिलं, श्रुतीनंही पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता, आपण इतकी वर्षं हे विचारलं कसं नाही. श्यामसुंदरांचं बोट ट्रेच्या कडेवर थांबलं होतं.

“सगळ्या ट्रेंवरची धूळ माझी,” स्मिता हसत म्हणाली. “बसा तुम्ही. मी चहा टाकते.”

तिनं गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतलं, आणि आलं किसायला घेतलं तेव्हा तिला दिसलं की किसणी उलटी धरलीय. तिला रडू येत नव्हतं. राग तर मुळीच नव्हता. नुसतंच कुणीतरी पायात घुसलेला जुना काटा बरोबर जागेवर दाबला होता, आणि दाबेपर्यंत तो तिथं आहे हे तिलाही आठवत नव्हतं.

मागं श्रुती येऊन उभी राहिली.

“खरंच नाही दिलं तुला कधी?”

“मी मागितलं नाही.”

“ते काय मागायचं असतं?”

“मग कशाला विचारतेस?” स्मिता वळली नाही. “कपाट घरातच आहे. मला कुठं जायचंय नाणं घेऊन?”

श्रुतीनं तिच्या हातातून किसणी काढून घेतली आणि आलं किसायला लागली. “मघाशी मी जे बोलले ना, ते तुला नव्हतं.”

“माहीत आहे. पण तिलाही नको होतं. ती पोर डबा घेऊन चालत आलीय, श्रुती. घरून निघताना तिच्या आईनं काय काय सांगितलं असेल, तूच विचार कर. मी पण अशीच आले होते. माझ्याकडं डबासुद्धा नव्हता.”

“तुझ्यासारखी नाही ती.”

“मी तरी कुठं माझ्यासारखी होते तेव्हा? तुम्ही दोघं माझ्या हातचं जेवत नव्हता. अभि तर नुसता दूधभात खायचा. मग मी तुझ्या संध्यामावशीकडं गेले, डोंबिवलीला. म्हटलं, शालनताई आमटी कशी करायच्या ते शिकवा. तीन वेळा गेले. चिंच किती, गूळ कधी, शेवटी वरून लसणाची फोडणी, सगळं शिकले. आणि केली एक दिवस. आठवतंय तुला?”

श्रुतीचा हात थांबला.

“तू एक घास खाल्लास आणि पानावरून उठलीस,” स्मिता म्हणाली. “मी मनाशी म्हटलं, नाही जमली. त्यानंतर पुन्हा कधी केली नाही.”

“मावशी.” श्रुतीनं किसणी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती ते लपवतही नव्हती. “ती तश्शी झाली होती. हुबेहूब. मला घास गिळता येईना. मला वाटलं, आई मागं ओट्याशी उभी आहे. वळून बघितलं तर तू होतीस. म्हणून मी उठले.”

चहाचं पाणी उकळून कडेला आलं. दोघींपैकी कुणीही गॅस बारीक केला नाही. शेवटी ते उतू गेलं तेव्हा दोघींनी एकदमच हात घातला.

“एवढी वर्षं,” स्मिता म्हणाली. “वेडे, सांगायचं नाहीस?”

“काय सांगणार? सतरा वर्षांची होते. मला तुझा राग यायचा, आणि आमटी पुन्हा करशील म्हणून वाटही बघायचे.” श्रुतीनं ओढणीनं नाक पुसलं. “मला तीच भीती आहे गं. जाई टेबलाशी बसेल, सगळं छान असेल, आणि प्रिया नाही हे तिला कळणारसुद्धा नाही.”

“तू विसरलीस शालनताईंना?”

“नाही.”

“मी इथं असून?”

श्रुतीनं ओट्यावर सांडलेलं पाणी फडक्यानं टिपायला घेतलं.

“जाईला घास भरवायला कुणीतरी लागेल, आणि प्रियाबद्दल सांगायलाही कुणीतरी लागेल,” स्मिता म्हणाली. “ही दोन कामं आहेत. दुसरं तुझं. ते निशिगंधाला जमणार नाही, आणि तू तिला दाराबाहेर ठेवलंस तर तुलाही जमणार नाही. जाईपर्यंत पोचायचं दार तर तिच्याच घराचं असणार.” तिनं कप मांडले. “चल. चहा तूच ने.”

बाहेर निशिगंधा खुर्चीच्या टोकाला बसली होती, आता उठते की मग अशी. अभिराम तिला समजावत होता. श्यामसुंदर मात्र कुणाकडं न बघता एकाच ट्रेवर भिंग धरून बसले होते. श्रुतीनं चहा ठेवला आणि निशिगंधाच्या शेजारची खुर्ची ओढली.

“प्रियाचं नाणं जाईचं आहे,” ती म्हणाली.

“हो ताई. मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही. जाईनं दाखवलं तेव्हा लांबूनच बघितलं.”

“हात लावलास तर चालेल.” श्रुतीला शब्द जड जात होते, पण ती थांबली नाही. “पण प्रियाचं जाईला मी सांगणार. ती कशी बोलायची, काय खायची, कशावर चिडायची, सगळं. त्यात तू मध्ये यायचं नाही.”

“नाही येणार. पण मी तिथंच बसले तर?” निशिगंधानं विचारलं. “जाई रात्री फोनवर मला काहीबाही विचारते. ममाला कुत्रे आवडायचे का? मला माहीत नसतं. मी काय सांगू तिला?”

श्रुती तिच्याकडं बघत राहिली. मग एकदम हसली, रडता रडता हसतात तसं. “घाबरायची. चतकोर पिल्लू दिसलं तरी रस्ता बदलायची.”

“ममा घाबरायची?” जाईचे डोळे विस्फारले. “कुत्र्याला?”

“एकदा तर कॉलेजच्या गेटवर चढून बसली होती. वॉचमननं उतरवली. ये इकडं, सांगते.”

जाई आत्याच्या मांडीवर गेली. गेटची गोष्ट सुरू झाली, आणि निशिगंधा चहाचा कप तसाच धरून ऐकू लागली. अभिराम बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याला तिथं काही काम नव्हतं. स्मितानं त्याच्या मागं जाऊन नुसता पाठीवर हात ठेवला. चौदा वर्षांचा असताना तो हा हात झटकायचा. आज त्यानं मान खाली घालून तो राहू दिला.

गोष्ट संपल्यावर श्रुतीनंच म्हटलं, “बाबा, ते हातात हात घेतलेलं कुठंय?”

श्यामसुंदर दचकले. “ते?”

“तेच.”

ते नाणं त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. प्रियाच्या वेळीही ते ट्रेबाहेर आलं नव्हतं. त्यांनी खालच्या ट्रेमधून ते काढलं. राजा आणि राणी समोरासमोर उभे, हात हातात. आणि त्यांच्या पायाशी, अगदी लहान, आणखी एक जोडपं, तसंच हात धरून उभं. पुढच्या पिढीचं. रोममध्ये नव्या जोडप्यांनी याच राजाराणीच्या पुतळ्यांसमोर जाऊन उभं राहायचं अशी रीत होती, श्यामसुंदर सांगू लागले, पण श्रुतीनं त्यांना पुरं करू दिलं नाही. तिनं नाणं कडेनं धरलं आणि निशिगंधाच्या तळहातावर ठेवलं.

“खालची दोघं तुम्ही,” ती म्हणाली. “वरची दोघं कोण ते तुझं तू ठरव.”

सगळे गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. श्रुती निशिगंधाला सोडायला बोनकोड्यापर्यंत चालत गेली होती. डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून स्मितानं त्यात नारळाच्या वड्या भरल्या होत्या. तिनं भांडी आवरली, ओटा पुसला आणि बाहेर आली. श्यामसुंदर अजून टेबलाशीच होते. सगळे ट्रे उघडे.

“झोपायच्या आधी आत ठेवा,” ती म्हणाली. “हवा दमट आहे.”

“स्मिता, बस जरा.”

ती बसली.

“मी विसरलो नव्हतो,” ते म्हणाले. “तुला वाटत असेल विसरलो.”

“मला काही वाटत नाही.”

“वाटायला हवं.” त्यांनी चष्मा काढून चादरीवर ठेवला. “लग्न झालं त्या वर्षी मी ट्रे काढून बसलो होतो. तुला एक द्यायचं म्हणून. सगळी पाहिली. एका बाजूला तो, नाहीतर ती. कुठलंही घेतलं तरी तुझ्या हातात मी तिचाच चेहरा ठेवणार. किंवा तिच्यासाठी झुरणाऱ्या माणसाचा. ते तुला कसं देऊ? म्हटलं, तुझ्यासाठी वेगळं काही सापडेल. दर प्रदर्शनात शोधायचो. मग कधीतरी त्या लिसिस्ट्राटाबद्दल वाचलं, आणि कळलं की नाहीच आहे. कधी नव्हतंच. तेव्हापासून तुला सांगायचीही लाज वाटायला लागली.”

स्मितानं हे ऐकून घेतलं. बाल्कनीतून खाडीकडचा खारट वारा येत होता. चोवीस वर्षं या माणसाच्या मनात ही गोष्ट होती, आणि तो बापडा दर प्रदर्शनाला रिकाम्या हातानं परत येऊन, यंदा काही विशेष नव्हतं म्हणत, चहा मागायचा. आणि ती चहा द्यायची.

“अहो, मी कुणाची दासी नव्हते,” ती म्हणाली. “आणि तुम्ही लग्न लावलंत माझ्याशी. वाशीला, रजिस्ट्रारकडं, भर दुपारी. तुमच्या राजाला तेवढंही जमलं नाही.”

श्यामसुंदरांना हसू आलं, आणि डोळेही ओले झाले.

“मग आता कुठलं देऊ? तूच सांग. हवं ते घे.”

स्मितानं ट्रे जवळ ओढले. तिला शोधावं लागलं नाही. तिसऱ्या ट्रेमध्ये, कोपऱ्यात, तांब्याचं एक जाडजूड नाणं होतं. तिनं ते कडेनं नाही, सरळ चिमटीत उचललं.

“हा.”

“हत्ती?” श्यामसुंदर गोंधळले. “अगं, ते फार झिजलंय. लोकांना खेळ दाखवायला राजानं हत्ती आणवले होते, त्याचं ते. त्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत.”

“माहीत आहे. पुसते ना मी. सगळ्या ट्रेंमधे या एकट्यालाच बघून मला बरं वाटायचं. राजा नको, राणी नको. हा कसा आपला चाललाय.”

“पण दुसऱ्या बाजूला तोच आहे. दाढीवाला.”

“असू दे.” तिनं नाणं तळहातावर ठेवलं, हत्ती वर करून. “राहील तो खाली.”

श्यामसुंदर मोठ्यानं हसले. मग सवयीनं त्यांचा हात रिकाम्या खळग्याकडं गेला, आणि स्मितानं तो वरच्यावर धरला.

“आणि ही जागा भरायची नाही,” ती म्हणाली. “तसलंच दुसरं कुठं मिळालं तरी आणायचं नाही. कुणी विचारलं, इथलं कुठं गेलं, तर सांगायचं.”

“काय सांगू?”

“बायकोनं घेतलं.”

त्यांनी मान हलवली. मग तो ट्रे दोन्ही हातांनी उचलला, कोपऱ्यातला गोल रिकामा तसाच ठेवून, आणि कपाटात सरकवला.